वाळलेल्या थेंबाखाली : प्रस्तावना

एप्रिल उजाडला की आमच्या सोसायटीत टँकर सुरू होतात. टाकीत धरणाचं पाणी कमी आणि बोअरचं जास्त अशी मिसळ होते, आणि आठवडाभरात घराघरांतून एकच बोलणं ऐकू येतं : पाणी जड झालंय. तुरीची डाळ दोन शिट्ट्या जास्त घेते, साबणाला फेस येत नाही, शॉवरची भोकं बुजतात. हेच जड पाणी पार्किंगमध्ये बादलीतून गाडीवर पडतं आणि उन्हं वर आली की रिमवर पांढरे ठिपके उमटतात. धुतलेली गाडी न धुतलेल्या गाडीहून वाईट दिसते. मग माणूस ते ठिपके घासायला बसतो. त्याने घासणी हातात घेण्याच्या जरा आधी त्याला गाठावं, एवढ्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

मी एकतीस वर्षं भोसरीत धातूवर रंग आणि पावडर चढवण्याच्या कामात काढली. निवृत्त झाल्यावर ओळखीचे लोक रिम दाखवायला आणू लागले. आजही आणतात. त्यात पाण्याच्या डागांनी कायमच्या खराब झालेल्या रिम मोजक्याच असतात. डाग काढण्याच्या नादात खराब झालेल्या मात्र पुष्कळ. डाग कशाने निघतो हे जो तो विचारतो. डागाच्या खाली काय आहे, हे कोणीच विचारत नाही. माझं सगळं सांगणं या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतं.

आमच्याच इमारतीतल्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. त्याची गाडी नवी, चाकं डायमंड कट. म्हणजे रिमचा दर्शनी भाग लेथवर बारीक काततात, उघड्या ॲल्युमिनियमची चकाकी आणतात आणि तिच्यावर पारदर्शक लाखेसारखा थर देतात. उन्हाळ्यात त्यावर क्षारांचे डाग धरले. कोणीतरी सांगितलं म्हणून त्याने बाथरूमच्या फरशीचं ॲसिड ब्रशने फिरवलं. डाग फसफसले, दोन मिनिटांत गेले, रिम आरशासारखी झाली. त्याने मलाही बोलावून दाखवली. पाऊस सरला, दसरा झाला आणि एका सकाळी तो दारात उभा. ‘‘काका, आतून कीड लागल्यासारखं काय दिसतंय हो हे?’’

मी खाली जाऊन पाहिलं. पारदर्शक थराच्या खाली बारीक, नागमोडी, पांढुरक्या रेषा पसरल्या होत्या. लाकडात वाळवी वाट काढत जाते तशा. खडी लागून थराला जिथे टवका उडाला होता तिथून त्या निघाल्या होत्या. फरशीचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्यातले क्लोराइड त्या टवक्यातून आत शिरले, वरून कितीही पाणी मारलं तरी तिथून पूर्ण निघाले नाहीत, आणि पावसाळ्याच्या दमट हवेने पुढचं काम केलं. धातू थराखालून धाग्याधाग्याने खात जाणाऱ्या या गंजाला फिलिफॉर्म कोरोजन म्हणतात. त्याला वरून लावायचं औषध नाही. थर पूर्ण उतरवायचा, रिम पुन्हा कातायची, पुन्हा थर द्यायचा. प्रत्येक वेळी धातू थोडा कमी होतो, म्हणून हेही फार वेळा करता येत नाही. दोन मिनिटांच्या चमकेची किंमत त्याला चार महिन्यांनी कळली. त्याला आधी कोणी सांगायला हवं होतं याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. मी त्याच इमारतीत राहत होतो.

मूळ पाण्यात आहे, म्हणून थोडं पाण्याविषयी. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बसाल्टवर उभा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्हाचा हा खडक. त्याच्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि खडकाच्या भेगांतून मुरताना ही खनिजं विरघळवून घेतं. जितकं खोल आणि जितकं जुनं पाणी, तितका हा साठा सहसा मोठा. १९७२च्या दुष्काळानंतर आपल्याकडे बोअर वाढत गेले, पुढे ते खोल खोल गेले आणि त्याबरोबर जड पाणी घरात आलं. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी पिणाऱ्या मुंबईकराला ही तक्रार सहसा कळत नाही, कारण ते पाणी पावसाचंच, खडकात फारसं न मुरलेलं. तोच मुंबईकर मराठवाड्यात महिनाभर गाडी घेऊन राहिला की रिम त्याला फरक सांगतात.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने, म्हणजे आयएस १०५०० ने, एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं आहे. हा ६०० चा आकडा रिमवर आणून पाहू. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब होतात. अशा पाण्याचा एक थेंब वाळला की मागे ०.०३ मिलिग्रॅम क्षार राहतो, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका. पण धुतल्यावर एका रिमवर पाचशे थेंब राहिले तर पंधरा मिलिग्रॅम झाले, आणि रोज धुतली, कधीच पुसली नाही, तर महिन्याला एका चाकावर जवळजवळ अर्धा ग्रॅम खडू बसला. खडूच म्हणतो, कारण पाणी उडताना कार्बन डायऑक्साइडही निघून जातो आणि विरघळलेल्या बायकार्बोनेटचा न विरघळणारा कार्बोनेट होतो. गीझरच्या कॉइलवर जमणारा थर हाच, आणि चुनखडीच्या गुहांत छतापासून लोंबणारे लवणस्तंभ घडवणारी क्रियाही हीच.

डाग मधे फिका आणि कडेला गडद का असतो, याचं कोडं मलाही बरीच वर्षं होतं. थेंबाची कड जागेला चिकटून राहते आणि तिथून पाणी लवकर उडतं. ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि बरोबर सगळा माल नेऊन टाकतं. सांडलेल्या कॉफीच्या डागाला कडा येते तीही अशीच. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये ही उकल मांडली. आपल्या कामाला तिचा उपयोग असा की कडेवरचा क्षार सर्वांत जाड असतो, म्हणून डाग गेला असं वाटल्यावरही बारीक कडी उरते, आणि लोक त्या कडीसाठीच घासणी उचलतात.

सगळं पांढरं मात्र एक नसतं, आणि पुस्तिकेचा मोठा भाग या ओळखीला दिला आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी किंवा किनाऱ्यावरचा खारा वारा रिमवर मीठ सोडतो. मीठ स्वच्छ पाण्यात विरघळतं. चांगल्या पाण्याने भिजवून पुसलं की गेलं, त्याला ॲसिड लावणं व्यर्थ आहे. दुसरा पांढरा म्हणजे वर सांगितलेला खडू. तो पाण्याला दाद देत नाही, सौम्य आंबटाला देतो. तिसरा सिलिकाचा. बोअरच्या पाण्यात थोडा सिलिकाही असतो, तो वाळून काचेसारखा बसतो आणि व्हिनेगर किंवा लिंबू त्याचं काही करू शकत नाही. चौथा तर डागच नव्हे. क्षार उन्हात तापून वरच्या थराला खड्डा पाडून गेलेला असतो आणि आपण पाहतो तो तो खड्डा. ओल्या रिमवर तो दिसेनासा होतो, वाळली की परत येतो. नख अलगद फिरवलं तर खडू उंचवटा म्हणून लागतो, खड्डा लागला तर खोलगट लागतो, बहुतेकदा काहीच लागत नाही. खड्ड्यावर आणखी ॲसिड ओतणाऱ्याने थांबावं. तिथे काढण्यासारखं काहीच उरलेलं नसतं.

आता डागाखालच्या थराकडे येतो. हे समजवायला मला आपल्या स्वयंपाकघराइतकी चांगली शाळा सापडलेली नाही. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई असायची. ती टिकेल तोवर त्यात आमटी करा, ताक ठेवा, काही बिघडत नसे. कल्हई गेली की तेच ताक कळकायचं. पातेलं तेच, आंबट तेच, मधला कथलाचा पातळ थर तेवढा गेलेला. आणि ज्यांना आपण जर्मनची भांडी म्हणत आलो त्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेचं किंवा कोकमाचं काही शिजवू नये, हे आजीने न शिकवता कळलेलं होतं. त्यात सोड्याचं पाणी उकळलं तर ते काळवंडतं हेही घरोघर माहीत होतं. ॲल्युमिनियम हा दोन्ही बाजूंनी हळवा धातू आहे. त्याच्यावर आपोआप येणारा ऑक्साइडचा कवचासारखा थर साधारण पीएच ४ ते ९ या पट्ट्यात टिकतो. त्याच्या खाली आंबट त्याला खातं, वर खार त्याला खातो. म्हणून कडक ॲसिड वाईट तसाच कपडे धुण्याचा सोडाही वाईट. सोडा साधा म्हणून निर्धास्त वापरणारे पुष्कळ भेटतात.

आपल्या बहुतेक मॅगव्हील आज मॅग्नेशियमच्या नसतात. नाव जुन्या शर्यतीच्या गाड्यांवरून राहिलं, माल ॲल्युमिनियमचा, त्यात सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम. साच्यात ओतलेल्या या रिमवर पावडरचं अस्तर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक थर, असा क्रम असतो. पावडर साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पिकते आणि चिवट होते. अशी रंगवलेली रिम ही कल्हई शाबूत असलेलं पातेलं आहे. सौम्य आंबट तिला मिनिटभर लागलं तर काही होत नाही. डायमंड कटमध्ये धातू आणि जगामधे तेवढा पारदर्शक थरच असतो, केसाच्या जाडीहून पातळ. पॉलिश केलेली उघडी ॲल्युमिनियम रिम म्हणजे कल्हई नसलेलं भांडं. ॲनोडाइझ केलेल्या रिमवर धातूचाच ऑक्साइड जाड केलेला असतो, त्याला कडक खार क्षणात मळकट करतो. क्रोमचा मुलामा स्वतः कणखर असतो, पण त्याला एक बारीक भोक पडलं की खालून सुरुवात होते. आणि साध्या लोखंडी रिमवर प्लास्टिकची व्हीलकॅप असली तर आपण धुतो ते चाक नव्हे, प्लास्टिक. त्यावर तारेची घासणी फिरवणाऱ्याने निदान गाडीचं काही बिघडवलेलं नसतं, कॅप मात्र गेली.

पाच पृष्ठभागांची ओळख पटवण्याची पद्धत पहिल्या प्रकरणात तपशिलाने आहे. इथे इतकंच सांगतो की ओळख पटली नाही तर ती रिम उघड्या ॲल्युमिनियमची आहे असं धरून चालावं. त्यात वेळ जास्त जाईल, रिम जाणार नाही.

काढण्याची रीत खरं तर दोन पानांत संपते, आणि मला ती लांबवायची नाही. चाक गार असावं. प्रवासाहून आल्या आल्या डिस्क आणि रिम तापलेल्या असतात, पाणी पडताच वाळतं आणि नवे डाग तयार होतात. हाताची मागची बाजू रिमला लावून पाहावी. आधी ब्रेकची धूळ काढायची. ती ओतीव लोखंडाच्या डिस्कची आणि पॅडची पूड असते, तिच्यावरून फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, भरपूर पाणी. मग पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समसमान, नाहीतर लिटरभर पाण्यात चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड. आधी आतल्या बाजूला, स्पोकच्या पाठीमागे, दिसणार नाही अशा जागी लावून पाहायचं. काही रंग बदलला नाही तर एका वेळी एकच चाक, मिनिटभर ओलं फडकं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, आणि धुऊन टाकायचं. पहिल्या खेपेला अर्धा डाग गेला तर दुसरी खेप करायची. ॲसिड दुप्पट करायचं नाही. एवढं करूनही राहिलं तर तो सिलिका किंवा खड्डा आहे, तिथे हाताने लावायचं बारीक पॉलिश, तेही आधी छोट्या जागी, कारण प्रत्येक पॉलिश त्या केसाहून पातळ थरातला थोडा भाग घेऊन जातं. उघड्या ॲल्युमिनियमला आंबट द्यायचंच झालं तर सेकंद मोजून, आणि लगेच पाणी.

घासण्याच्या साधनांविषयी माझं मत आग्रही आहे. हिरव्या घासणीत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, म्हणजे पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण. तारेची घासणी तर नकोच. नारळाच्या शेंडीने आणि राखेने पितळ लखलखतं हे खरं, पण पितळ आपण दर आठवड्याला थोडं झिजवतच होतो आणि ते झिजायला पुरेसं होतं. रिमवर झिजवायला फार थोडं आहे.

शेवटचं पाणी कोणतं, यावर मात्र मला जास्त बोलायचं आहे. खरा इलाज तिथेच आहे. डाग पडतो तो धुताना नव्हे, वाळताना. शेवटच्या खळखळीला क्षार नसलेलं पाणी वापरलं आणि ते मऊ टॉवेलने टिपून घेतलं, तर वर लिहिलेल्या सगळ्याची गरज वर्षातून दोनदाही पडणार नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे मिळतं, चार चाकांना दोन लिटर पुरतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात नळीखाली कॅन ठेवला तर ते रोज जमतं. पावसाळ्यात पहिल्या एकदोन सरी सोडून गच्चीवरचं पाणीही चालतं.

आणि इथे एका चांगल्या सवयीविषयी सावध करतो. घरातल्या आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून त्यानेच गाडी धुणारे अनेकजण मला माहीत आहेत. पाणी वाचवण्याची त्यांची तळमळ खरी आहे, आणि तिचा मी आदर करतो. पण यंत्र जे क्षार आपल्या पेल्यातून काढतं ते सगळे त्याच टाकाऊ पाण्यात जातात. बोअरच्या मूळ पाण्यापेक्षा ते जड असतं. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते उत्तम. गाडीवर शेवटचं पाणी म्हणून ते टाकणं म्हणजे सगळा क्षार मोजून रिमवर ठेवणं. कोणाला पटत नसेल तर दोन-तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर दोन्ही पाण्यांत बुडवून आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

सिरॅमिक कोटिंग केलं की डाग पडत नाहीत, असा एक समज आहे. कोटिंगवर पाणी पसरत नाही, गोल मोत्यासारखं उभं राहतं. रिमचा भाग उतरता असेल तिथून ते घरंगळतं, आणि आडव्या स्पोकवर राहिलेलं तिथेच वाळतं. कमी ठिपके, पण प्रत्येक ठिपका जास्त दाट. कोटिंगमुळे डाग खालच्या थरापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, हा त्याचा खरा फायदा. टिपून घेण्यातून सुटका ते देत नाही.

गाड्या पुसणाऱ्यांसाठी ही पुस्तिका मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत छापायला सांगितली आहे. पहाटे चारला उठून वीस-पंचवीस गाड्या पुसणाऱ्या माणसाला एक बादली आणि एक फडकं मिळतं आणि डाग दिसला की बोलणी त्यालाच बसतात. पाणी त्याने निवडलेलं नसतं. चाकाची बादली आणि अंगाची बादली वेगळी हवी, टिपायला दुसरा टॉवेल हवा, आणि हे दोन्ही मालकाने द्यावं. पगारात वीस रुपये वाढवण्याबद्दल सभा भरवणाऱ्या सोसायट्यांनी पार्किंगमध्ये एसीच्या पाण्याचा एक ड्रम ठेवला तर त्याचा सकाळचा अर्धा तास वाचेल.

आमच्या पार्किंगमध्ये गाड्या पुसणारे एक गृहस्थ परभणीकडचे आहेत. त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं आहे. पुस्तिकेतली प्रत्येक रीत त्यांनी स्वतः करून पाहिली, वेळ मोजली, जिथे मी पाच मिनिटं लिहिली होती तिथे तीन पुरतात हे दाखवलं. हस्तलिखित वाचून झाल्यावर त्यांनी फक्त एक बदल मागितला. बाजारातल्या काही कडक व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते सिलिकाचे डागही खातं, म्हणून ते लोकांना आवडतं. पण ते कातडीतून आत जातं, शरीरातलं कॅल्शियम पकडतं, आणि पातळ असेल तर लागल्याचं काही तास कळतही नाही. कळतं तेव्हा पाण्याने भागत नाही, रुग्णालयात कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लागते. हा भाग, रबरी हातमोज्यांचा भाग आणि कोणतंही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन निघतो हा इशारा, असं सगळं मी शेवटच्या प्रकरणात ठेवलं होतं. शेवटचं पान कोण वाचतं, असं त्यांनी विचारलं. आता ते या प्रस्तावनेनंतरचं पहिलं पान आहे.